वस्तीवरून निघायचे कधी? ओढ्याच्या पुराचे वेळेचे गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बालाघाटच्या उतारावर, धाराशिव-बीडच्या सीमेजवळ तुमची एकवीस घरांची वस्ती. ओढा घरांपासून दीडशे मीटरवर. गावाकडची वाट त्याच ओढ्यावरच्या फरशी पुलावरून. वरच्या अंगाला एक जुना पाझर तलाव. जोराचा पाऊस बहुतेक रात्री, विजांसकट येतो. आधी लाइट जाते, मग रेंज. मोबाइलवर इशारे येतात, पण ते इतक्या वेळा येतात की आता कोणी उघडून बघत नाही. तेव्हा किती मिलिमीटरचा इशारा आला की घरे सोडायची, कोणते ॲप भरवशाचे आणि जनावरांचे काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

ॲपचे शेवटी बघू. आधी प्रश्नच थोडा बदलून घ्यावा लागेल. तुमच्या हातात किती मिनिटे असतील आणि तुम्हाला किती मिनिटे लागतील, एवढीच दोन मापे एकमेकांशी ताडून बघायला हवीत. मिलिमीटरचा आकडा त्यातून निघतो, उलटे होत नाही.

जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा येतो तो चोवीस तासांच्या आणि अख्ख्या जिल्ह्याच्या पावसाचा असतो. हवामान खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. महसूल मंडळात ६५ मिलिमीटर झाला की तलाठी 'अतिवृष्टी' लिहितात. तो आकडा पंचनाम्यासाठी आहे, माणसे हलवण्यासाठी नाही. हेच ६५ मिलिमीटर दिवसभर भिजपावसाने पडले तर ओढा जेमतेम वाहतो. दीड तासात पडले तर दारात येतो. सरकारी नोंदीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात. शिवाय मंडळाचे पर्जन्यमापक तुमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर असू शकते, आणि ढगफुटीसारखा पाऊस तेवढ्या अंतरात कोरडा होऊन जातो.

गोदाकाठची गावे या बाबतीत बरी. जायकवाडीतून किती क्युसेक सोडले हे कळते, पाणी गंगाखेड-नांदेडपर्यंत पोचायला वेळ लागतो, दवंडी देता येते. ओढ्याला धरण नाही, दरवाजे नाहीत, शाखा अभियंता नाही. तिथे इशारा बाहेरून येणार नाही असे धरूनच आखणी करावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात आणि पुढच्याच महिन्यात भूम-परांडा भागात रात्रीतून पाणी गावांत शिरले. वर्षाला सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या आपल्या मुलखात पाण्याची वाट बघायची सवय लागलेली असते, पाण्यापासून पळायची नाही. ओढे नांगरून अरुंद केलेत तेही त्याच सवयीतून.

आता गणित. तुमच्या ओढ्याचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून एक नमुना धरतो. तुम्ही तुमचे घाला. ग्रामपंचायतीत पाणलोटाचा किंवा जलयुक्त शिवारचा नकाशा असतो, त्यावरून वस्तीच्या वरचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस तुमच्या ओढ्यात उतरतो ती जमीन, काढा. समजा ते बारा चौरस किलोमीटर आहे, उगमापर्यंत ओढ्याची लांबी सहा किलोमीटर आणि उतार किलोमीटरला दहा मीटर. अशा ओढ्यात अगदी वरच्या टोकाचे पाणी वस्तीपर्यंत यायला साधारण दीड तास लागतो. लांबी तीनच किलोमीटर असती तर तासाच्या आत आले असते.

ओढ्याचे पात्र आठ मीटर रुंद, दोन मीटर खोल आणि पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर धरला तर काठोकाठ भरून तो सेकंदाला चाळीस घनमीटर पाणी नेऊ शकतो. सप्टेंबरात काळी जमीन फुगून बंद झालेली असते. पडलेल्या पावसातला साठ टक्के सरळ वाहतो असे धरा. दोन तासांत ८० मिलिमीटर पडला तर बारा चौरस किलोमीटरवरून पावणेसहा लाख घनमीटर पाणी निघते. हा लोंढा चार तासांत ओसरतो असे धरले तर आधी चढून मग उतरणाऱ्या या प्रवाहाचा माथा सेकंदाला ऐंशी घनमीटर, म्हणजे ओढ्याच्या कुवतीच्या दुप्पट. उलटे मोजले तर दोन तासांत ४० मिलिमीटर झाला की ओढा काठाला लागतो. हाच पाऊस जूनच्या सुरुवातीला आला तर जमिनीच्या भेगा त्यातला बराचसा गिळतात, आणि काठ गाठायला शंभराच्या वर मिलिमीटर लागतात. म्हणून "किती मिलिमीटरला निघायचे" याला बारमाही एकच उत्तर नसते. मागचे तीन-चार दिवस पाऊस आहे का, पाझर तलाव भरला आहे का, यावर तो आकडा अर्ध्यावर येतो. आणि फरशी पुलाच्या नळ्या काटेरी बाभळी, पऱ्हाट्या, प्लास्टिकने बुजलेल्या असतील तर तो आणखी खाली येतो, कारण पूल बांधाचे काम करतो आणि पाणी वस्तीच्या बाजूला पसरते. मे महिन्यात जेसीबी लावून नळ्या मोकळ्या करणे हे या सगळ्या यादीतले सर्वांत स्वस्त काम.

पावसाचे माप घरचे चालते. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्याच व्यासाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, निमुळता नको. डबा सरळ असला की आत साचलेले पाणी पट्टीने मोजायचे, जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस. डब्याचा तळ फुगीर असेल तर त्यात सिमेंट ओतून सपाट करा. तो घराच्या किंवा झाडाच्या आडोशाला ठेवू नका. जवळची वस्तू जेवढी उंच त्याच्या दुप्पट अंतर सोडा. वारा उलथवू नये म्हणून विटांच्या चौकटीत बसवा. रात्री जागलीला असलेल्या माणसाने दर अर्ध्या तासाने बॅटरी लावून वाचायचे आणि वहीत लिहायचे. डबा रिकामा करत बसू नका. भरत आला तरच ओता, आणि ओतलेले माप नोंदवा.

आमच्या नमुन्याच्या ओढ्याला, भिजलेल्या जमिनीवर, तासात २० ते २५ मिलिमीटर झाला की सगळ्यांना उठवायचे, कपडे-चपला घालून बसवायचे. दोन तासांत ४० गाठले आणि पाऊस चालूच असेल तर निघायचे. हे सुरुवातीचे आकडे आहेत. एक-दोन मोठ्या पावसांत पाणी कुठवर आले ते लिहून ठेवले की तुमचे स्वतःचे आकडे तयार होतात, आणि ते कोणत्याही तज्ज्ञाच्या आकड्यापेक्षा खरे असतात.

डब्याखेरीज आणखी दोन खुणा हव्यात. एक म्हणजे वरचा माणूस. ओढ्यावर तीन किलोमीटर वर ज्यांचे शेत किंवा वस्ती आहे अशा दोन घरांचे नंबर घ्या. पुराचा लोंढा सेकंदाला अडीच मीटरने आला तर तीन किलोमीटर उतरायला वीस मिनिटे लागतात. "आमच्याकडे पूल बुडाला" एवढा निरोप आला की तुम्हाला वीस मिनिटे मिळाली. कॉल लागत नसेल तर एसएमएस टाकायचा. रेंज कमजोर असताना तो जाण्याची शक्यता जास्त. साधा बटणाचा फोन ठेवा, त्याची बॅटरी टिकते. निरोपाचे शब्दही आधी ठरवा, नाहीतर रात्री दोन वाजता "काय म्हणलास?" यातच पाच मिनिटे जातात.

दुसरी म्हणजे तुमच्याच काठावरची पट्टी. फरशी पुलाच्या कठड्यावर किंवा काठावर रोवलेल्या लोखंडी खांबावर दर २५ सेंटीमीटरला रेघ, आणि तिच्यावर रेडियमची पट्टी, म्हणजे लांबून बॅटरी मारली तरी चमकते. तिथपर्यंत चालत जावे लागेल अशी पट्टी बसवू नका. बघायला गेलेलाच माणूस वाहून जातो. लाल खूण कुठे काढायची हे पुन्हा मिनिटांवर ठरते. मोठ्या पावसात ओढा अर्ध्या तासात मीटरभर चढतो आणि वस्ती रिकामी व्हायला पंचेचाळीस मिनिटे लागतात, असे धरा. मग लाल खूण काठाच्या दीड मीटर खाली, म्हणजे पात्रात जेमतेम गुडघाभर पाणी असताना येते. लोक हसतात. हसू द्या. पण यातून कळते ते असे की काठावरच्या पट्टीला एकटीला काही अर्थ नाही.

म्हणजे डबा साधारण तासाभराची सूचना देतो, वरचा माणूस वीस मिनिटांची, आणि काठावरची पट्टी पाच-दहा मिनिटांची. तुम्हाला पंचेचाळीस लागत असतील तर निर्णय डब्यावर घ्यावा लागेल. बाकीच्या दोन खुणा डबा चुकला तर सावरायला.

ही पंचेचाळीस मिनिटे अंदाजाने लिहू नका, मोजा. दिवसाउजेडी विचारले तर सगळे "पंधरा मिनिटांत निघू" म्हणतात. एकदा संध्याकाळी, अंधार पडल्यावर, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन, जनावरे सोडून, ठरलेल्या जागेपर्यंत जाऊन बघा. तालीम करायला लाज वाटते, पण ती एकदाच करावी लागते.

सगळ्या एकवीस घरांना एकाच वेळी निघायचे कारणही नसते. गवंड्याकडे पारदर्शक नळीची लेव्हल असते. ती घेऊन ओढ्याच्या काठापासून प्रत्येक घराच्या जोत्यापर्यंत पंधरा-वीस मीटरच्या टप्प्यांनी उंची काढत या. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकते. अर्ध्या दिवसाचे काम. नजरेला सारखी वाटणारी घरे प्रत्यक्षात मीटर-दीड मीटरने खालीवर निघतात. सर्वांत खालची पाच-सहा घरे पहिल्या खुणेलाच, म्हणजे डब्यात तासाला २०-२५ झाले की, वरच्या घरांत झोपायला जातील, बाकीची दुसऱ्या, म्हणजे चाळीसच्या खुणेला निघतील. हे सोपे आणि फुकट असेल तरच लोक करतील. कारण हिशेब असा आहे की एखाद्या हंगामात दोन-तीनदा उठावे लागेल आणि त्यातल्या निम्म्या वेळा पाणी घराला लागणारही नाही. दर वेळी तीन किलोमीटर चालवत शाळेत नेले तर चौथ्या वेळी कोणी उठणार नाही, आणि ती चौथीच खरी असू शकते.

कुठे जायचे? ओढ्याला काटकोनात, वर, माळाकडे. ओढ्याच्या कडेने गावाकडे नाही. फरशी पूल ओलांडून तर नाहीच. तुमच्या बाजूचाच निवारा हवा, मग तो शेतातला कांद्याच्या चाळीसारखा का असेना, पण पक्क्या पायाचा. निवाऱ्याची जागा निवडताना एक गोष्ट नेहमी चुकते: माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे. पुराच्या वेळी माळवदावर चढायचे सगळ्यांच्या मनात असते. पांढऱ्या मातीचे फूट-सव्वा फुटाचे माळवद तीन दिवसांच्या झडीत पाणी पिते आणि चौरस मीटरला शंभर-दीडशे किलोने जड होते; खालून भिंतीचा पाया पाण्याने मऊ होतो, आणि वर पंधरा माणसे चढलेली. पूर न येताही अशी घरे झडीच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री बसतात. काल लागणारे दार आज चौकटीत अडकायला लागले, भिंतीला पोट आले, सरामधून माती गळू लागली तर त्या खोलीत झोपायचे नाही, पाऊस थांबला असला तरी. किंबहुना थांबल्यावर ऊन पडले की भिंती जास्त पडतात.

आता पाझर तलाव. वर केलेले सगळे गणित तलाव फुटला तर लागू पडत नाही. ते पाणी डब्यात दिसत नाही, एकदम येते. २०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण रात्री फुटले, आणि त्याच्या गळतीची तक्रार गावाने आधी केली होती. मातीचा बांध दोन कारणांनी जातो: पाणी माथ्यावरून वाहते, किंवा पोटातून वाट काढते.

माथ्याचे बघायचे तर सांडवा, म्हणजे तलावाचे जादा पाणी बाहेर जायची वाट, आधी बघा. सांडव्यात बाभळी वाढल्या आहेत का, कोणी पाणी जास्त साठावे म्हणून तिथे दगड-माती किंवा वाळूची पोती लावली आहेत का. ही दुसरी गोष्ट अनेक ठिकाणी होते आणि करणाऱ्याला आपण गावाचे भलेच केले असे वाटते. सांडवा अर्धा मीटर उंचावला म्हणजे बांधाच्या माथ्याला असलेली तेवढी सुरक्षितता गेली. मग बांधाच्या माथ्यावरून चालत जा आणि जिथून गुरे, बैलगाड्या ओलांडतात तिथे माथा खचला आहे का बघा; पाणी नेमके तिथूनच उतरते, आणि एकदा मातीवरून वाहू लागले की तासाभरात खिंडार पडते.

पोटातल्या वाटेसाठी बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी जा. पाझर असणारच, नाव पाझर तलावच आहे. पाणी स्वच्छ असेल आणि धार तेवढीच असेल तर लक्ष ठेवायचे. पाणी गढूळ झाले म्हणजे बांधाची माती बाहेर येते आहे. ग्लासात धरून पाच मिनिटे ठेवा. तळाशी गाळ बसला तर त्या दिवशीच तहसीलला कळवा, आणि धार वाढत असेल तर खालच्या घरांनी पावसाची वाट न बघता निघा. घुशींची, खेकड्यांची बिळे आणि मेलेल्या झाडांची कुजलेली मुळे या नेहमीच्या वाटा. इथे एक मोठी चूक होते: बाहेरच्या बाजूने चिखल, ताडपत्री लावून गळती बंद करणे. पाणी अडले की आतला दाब वाढतो आणि ते शेजारून, मोठ्या भोकाने येते. गळतीच्या तोंडावर आधी वाळू, तिच्यावर खडी, वर दगड असे थर टाकतात, म्हणजे पाणी जाते आणि माती अडते. हा तात्पुरता उपाय झाला. सांडवा फोडून पाणी कमी करायचा निर्णय जलसंधारण विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याने घ्यायचा. गावाने रात्री जेसीबी लावून केला तर खालच्या गावाचे तुम्हीच नुकसान करता. ओढ्यावर कोल्हापुरी बंधारा असेल तर पावसाळ्याआधी त्याची सगळी दारे निघाली आहेत ना, हेही बघून घ्या. अडकलेल्या दारांमुळे पाणी बंधाऱ्याच्या कडेने काठ फोडते आणि शेजारचे शेत घेऊन जाते.

जनावरांचे तुम्ही खास विचारले होते. पुरात बांधलेले जनावर बुडते, सोडलेले बहुधा पोहून निघते. अडचण दाव्याची. दोरी भिजली, जनावराने हिसके दिले की गाठ अशी आवळते की अंधारात बोटांनी सुटत नाही, आणि साखळीची कडी गंजलेली असली तर तीही नाही. म्हणून प्रत्येक गोठ्यात, दारातून आत जाताना उजव्या हाताला, एक धार असलेला विळा खिळ्याला टांगलेला हवा, आणि तो दुसऱ्या कामाला कोणी न्यायचा नाही. पावसाळी रात्री सुरगाठ मारा, ओढली की सुटणारी. शेळ्या आणि वासरे पहिल्या खुणेलाच वर न्या. त्यांना पाण्याचा जोर सहन होत नाही. मोठी जनावरे सोडली की ती उंचाकडे जातात, त्यांच्या मागे माणसाने पाण्यात उतरायचे नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी झालेली असावी, कारण पूर ओसरल्यावर ती द्यायला डॉक्टरांना वेळ नसतो.

फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर ओलांडायचे नाही, या नियमाला अपवाद ठेवू नका. अपवाद ठेवला की "आज एवढेच तर आहे" सुरू होते. गुडघाभर पाणी सेकंदाला दोन मीटरने वाहत असेल तर दोन्ही पायांवर मिळून पंचवीस-तीस किलोचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. मोटारसायकल याहून आधी जाते, कारण माणसाला पाय टेकायला जागा उरत नाही. चारचाकीच्या तळाच्या वर फूटभर पाणी चढले की तिचे वजन पाणी उचलते आणि चाके रस्ता सोडतात. ट्रॅक्टरचा भरवसा सर्वांना वाटतो. ट्रॅक्टर राहीलही, पण मागची रिकामी ट्रॉली हलकी होऊन आडवी फिरते आणि त्याला सोबत ओढते. गढूळ पाण्याखाली पुलाचा भराव शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून कोणालाच दिसत नाही. एवढ्या लहान ओढ्याचे पाणी तीन-चार तासांत उतरते. बाळंतपण असेल तर? त्याची सोय आधीच: दिवस भरत आलेल्या बाईला जोरदार पावसाच्या इशाऱ्याला पुलापलीकडे, दवाखान्याच्या बाजूला नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. आशाताईंना तारखा माहीत असतात.

विजेबद्दल थोडे. एप्रिल-मे-जूनमधला वळीव आणि परतीचा पाऊस हे मराठवाड्यात वीज पडण्याचे खास दिवस. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आले तर शेतातून पक्क्या घरात या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. बांधावरचा आंबा, कडुनिंब, उघडी पत्र्याची शेड यांच्याखाली माणसेही मरतात आणि दावणीची जनावरेही एकदम मरतात. ऑक्टोबरात सोयाबीनची बनीम (गंजी) झाकायला ताडपत्री घेऊन पळणारे यात फार सापडतात. ढग दिसायच्या आधी झाकता येत नसेल तर बनीम भिजू द्या. विहिरीच्या स्टार्टरला, डीपीला हात लावायचा नाही. घरात पाणी शिरण्याच्या बेतात असेल तर निघताना मेन स्विच पाडा. पाणी आत आल्यावर त्याला हात लावायला परत जाऊ नका.

आता दोन्ही धोके एकाच रात्री आले तर? लाल खूण आली आणि विजा चालू आहेत. निघा. पुराच्या वाटेत बसून राहणे जास्त महाग पडते. एकमेकांत दहा-पंधरा पावलांचे अंतर ठेवून, एकट्या झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब राहून, माळाच्या अगदी टोकावर न थांबता पक्क्या भिंतीच्या आडोशाला पोचा.

वादळी वाऱ्यात पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत बंद करा. वारा पत्र्याला दाबत नाही, वर खेचतो, आणि कडांना सर्वांत जास्त. पत्रा उचलला की तोच दगड आतल्या माणसावर पडतो. जे-हुक बोल्टने पत्रा आडव्या पाइपला बांधा, कडेच्या आणि कोपऱ्याच्या ओळींत बोल्टची संख्या दुप्पट ठेवा, आणि तो पाइप भिंतीत नुसता टेकवलेला नसून आतून बांधलेला आहे ना, ते बघा. नाहीतर पाइपसकट छप्पर जाते.

ॲपचे म्हणाल तर 'दामिनी' विजेसाठी ठेवा, 'सचेत' सरकारी इशाऱ्यांसाठी. हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक अंदाज चोवीस तासांच्या इशाऱ्यापेक्षा तुमच्या कामाचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची मंगळवार-शुक्रवारची कृषी हवामान पत्रिका पुढच्या चार-पाच दिवसांची जागल कधी लावायची हे ठरवायला पुरते. या सगळ्यांचा उपयोग एवढाच: आज रात्री डब्याजवळ माणूस बसवायचा की नाही. घरे सोडायचा निर्णय डबा देईल. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर भिंतीवर रंगाने लिहा, कागदावर नको. सूचना द्यायला मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा बॅटरीवर चालतो का तपासा. नसेल तर शिट्ट्या आणि थाळ्या, आणि किती वेळा वाजले म्हणजे काय ते ठरवून.

पूर ओसरल्यावर घर झाडायच्या आधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, खरडून गेलेली जमीन, मेलेले जनावर, आणि त्याच्या कानातला बारा अंकी बिल्ला वाचता येईल असा. पशुवैद्यकाच्या शवविच्छेदनाशिवाय जनावर पुरू नका, भरपाई अडकते. विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर शक्य तेवढा उपसा करून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५ केले की घनमीटर मिळतात, म्हणजे तेवढे हजार लिटर. पाच मीटर व्यासाच्या, सहा मीटर पाणी असलेल्या विहिरीत सव्वा लाख लिटरच्या थोडे खाली. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण. पुराच्या गढूळ पाण्याला दुप्पट, म्हणजे सुमारे सहाशे ग्रॅम. पावडर तशीच फेकू नका. बादलीमागे शंभर ग्रॅमपर्यंत कालवा, दहा मिनिटे चुना खाली बसू द्या, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात खाली-वर हलवा. तासाभराने ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी, करून घ्या. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाका. गोदामातली गेल्या वर्षीची उघडी पिशवी असेल तर ती वापरू नका, तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो.